तळाशी राहिलेलं रक्त

थायरॉईडच्या तपासणीला आलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खळगीत शीर बोटाने चाचपायची, तीन-चार मिलिलीटर रक्त घ्यायचं, प्लेन बल्बमध्ये सोडायचं आणि बल्ब स्टँडला उभा करून ठेवायचा. अर्ध्या तासात रक्त गोठतं. मग ते सेंट्रिफ्यूजला लावलं की वर पिवळसर द्रव येतो आणि तळाशी गडद लाल गाठ बसते. वरचा द्रव म्हणजे सीरम. ते यंत्रात जातं आणि त्यातून टी-थ्री, टी-फोर, टीएसएचचे आकडे निघतात. तळाची गाठ संध्याकाळी जैविक कचऱ्याच्या पिशवीत जाते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली. अशा किती गाठी फेकल्या असतील याचा हिशेब नाही. त्या गाठीत त्या माणसाच्या पेशी होत्या, आणि जो प्रश्न घेऊन तो आला होता त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग त्या पेशींजवळ होता, हे मला फार उशिरा कळलं. हे पुस्तक लिहायला बसले ते त्यामुळे.

माझं लक्ष तिकडे वळवलं एका प्राथमिक शिक्षिकेने. पाच-सहा वर्षं त्या नेमाने तपासणीला यायच्या. पर्समध्ये जुने रिपोर्ट तारखेवार लावलेले, रबरबँडने बांधलेले. गोळी रोज पहाटे उपाशीपोटी, पुढचा अर्धा तास चहासुद्धा नाही. टीएसएच दर वेळी दोनच्या आसपास. एकदा रिपोर्ट हातात घेऊन त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, कागदावर मी बरी आहे. मग फळ्यावर चार ओळी लिहिल्या की हात भरून का येतो?” मी ठरलेलं उत्तर दिलं, की आकडे नॉर्मल आहेत, बाकीचं डॉक्टरांशी बोला. त्या उठून गेल्या. पण ते उत्तर मला त्या रात्री झोपू देईना. आकडा खरा होता. त्या बाईही खरं बोलत होत्या. दोन्ही खरं असेल तर मधे कुठेतरी असं काही घडत होतं, जे आमचं यंत्र मोजतच नव्हतं.

आपल्याकडे ‘मला थायरॉईड आहे’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, प्रत्येकालाच असते. कंठमण्याच्या खाली श्वासनळीला बिलगलेली, पंधरा-वीस ग्रॅम वजनाची. बिघडतं ते तिचं काम, आणि ते किती जणांचं बिघडलेलं असतं याचा अंदाज अनेकांना नसतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या आठ ठिकाणचे ५,३७६ प्रौढ तपासले होते; मुंबई आणि गोवा ही त्यातली दोन ठिकाणं. शंभरात जवळजवळ अकरा जणांची ग्रंथी कमी काम करत होती, आणि कित्येकांना त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे एखाद्या लग्नाच्या पंगतीला शंभर माणसं बसली, तर त्यात अशी दहा-अकरा सापडावीत. बायका जास्त.

ही ग्रंथी मुख्यतः टी-फोर बनवते. या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी त्यातला एक अणू काढून टी-थ्री करतात, आणि खरं काम करणारं संप्रेरक ते. रक्तात फिरणाऱ्या टी-फोरपैकी दहा हजारांत जेमतेम तीन रेणू मोकळे असतात. बाकीचे प्रथिनांच्या पाठीवर बसून प्रवास करतात. टीएसएच या ग्रंथीचं नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं. थायरॉईडचं संप्रेरक कमी पडतंय असं पियुषिकेला वाटलं की ती टीएसएच वाढवते, पुरेसं वाटलं की कमी करते. आपण ज्या आकड्यावर गोळीचा डोस ठरवतो, तो असा पियुषिकेचा अभिप्राय आहे. ती फार बारकाईने लक्ष ठेवते आणि तिचा शब्द सहसा खरा ठरतो. म्हणून ही तपासणी उत्तम आहे, आणि मी तिच्याविरुद्ध एक अक्षर लिहिणार नाही. पण हृदयाला, हाडाला, स्नायूला, रक्तातल्या पेशीला काय वाटतं, हे पियुषिका आपल्याला सांगत नाही. पेशीला काय वाटलं हे पेशीच्या केंद्रकातच कळतं. तिथे कोणती जनुकं जागी झाली आणि कोणती झोपवली गेली, यावरून.

ही गोष्ट माणसाच्या ध्यानात यायला पाऊण शतक लागलं. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. चेहरा सुजलेला, बोलणं जड, थंडी सोसत नाही, अशी त्यांची अवस्था होती. त्या सुधारल्या, आणि त्यानंतर २८ वर्षं जगल्या. १९१९ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या गेल्या, तोवर ८७०हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी त्यांच्या औषधाला लागल्या होत्या. १९१४च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर, शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळं काढलं. टी-थ्री सापडलं थेट १९५२ साली, लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स यांना. औषध होतं, त्याची रचना कळली होती, रोगी बरे होत होते. ते आत जाऊन नेमकं करतं काय, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

इथे एका मुंबईकराचं नाव येतं, आणि मराठी वाचकाला ते फारसं माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. जमशेद रुस्तम टाटा. जन्म १९३० सालचा, मुंबईतला. शिक्षण मुंबईला, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, मग पॅरिसला. पुढे लंडनजवळच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्य काढलं. पिट-रिव्हर्स बाईंबरोबर थायरॉईड संप्रेरकांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५९ साली आला. त्या काळी बहुतेकांचा समज असा होता, की हे संप्रेरक पेशीत शिरून मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे पेशीतल्या चुलींना, थेट फुंकर घालतं. चूल पेटली की शरीर तापतं, श्वास वाढतो. समज सोपा होता. टाटांना त्यात एक गोष्ट खुपत होती, ती म्हणजे वेळ. फुंकर घातली तर जाळ लगेच दिसायला हवा. थायरॉईड काढलेल्या उंदराला टी-थ्री टोचलं तर त्याचा प्राणवायूचा वापर वाढायला एक दिवस, दीड दिवस लागत होता. मधल्या वेळात संप्रेरक करत काय होतं?

त्यांनी त्या मधल्या वेळातच शोध घेतला. केंद्रकात डीएनएवरून नव्या आरएनएच्या प्रती निघण्याचा वेग आधी वाढतो, मग प्रथिनं बनवणारी यंत्रणा वाढते, मग विकरं, आणि शेवटी श्वास. हा क्रम त्यांनी टप्प्याटप्प्याने दाखवला. १९६३ साली त्यांनी कळीचा प्रयोग प्रसिद्ध केला. आरएनएची निर्मिती थोपवणारं ॲक्टिनोमायसिन डी हे औषध उंदराला दिलं, आणि टी-थ्री टोचूनही काही होईना. चुली शाबूत, संप्रेरक हजर, तरी शरीर थंड. कारण जनुकांचा हुकूमच लिहिला जात नव्हता. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना शिकवताना दर वेळी फळ्यावर वेळेचा तक्ता काढते. गोळी सुरू केल्यावर ‘लगेच फरक का पडत नाही’ असं विचारणाऱ्या प्रत्येक रोग्याचं उत्तर त्या तक्त्यात आहे. टी-फोरची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर ती स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात. त्यापुढे जनुकांचा पसारा हलायचा. डॉक्टर दीड-दोन महिन्यांनी परत तपासणी सांगतात, त्यामागे हे सगळं आहे.

टाटांना पुढे बेडकांचं वेड लागलं, आणि ते साहजिक होतं. पहिल्या पावसानंतर भाताच्या खाचरात शेपटीवाले बेडूकमासे वळवळताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉईड खाऊ घातली, तर ते वेळेआधीच बेडूक झाले, अगदी इवलेसे. यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी वाटते. संप्रेरक एकच, रक्त एकच. पण पायाच्या जागच्या पेशी ते ऐकून वाढायला लागतात आणि शेपटीच्या पेशी तेच ऐकून मरायला लागतात. संप्रेरकाने फक्त ‘आता’ एवढंच म्हटलं. ‘काय’ ते प्रत्येक पेशीने आपापल्या जनुकांतून वाचलं. हा बेडूकमासा वाचकाने पुस्तकभर लक्षात ठेवावा. रक्ताच्या पेशींवरून बाकीच्या शरीराबद्दल निष्कर्ष काढायचा मोह होईल तेव्हा तो उपयोगी पडेल.

पेशी ऐकते कशाने, हे पुढचं कोडं होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्रकातच टी-थ्रीला घट्ट धरणाऱ्या जागा सापडल्या, आणि थोड्याच काळात त्या माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींतही दिसल्या. ज्या पेशी आम्ही फेकत होतो, त्यांना कान आहेत हे तेव्हाच ठाऊक झालं होतं. पण तो कान म्हणजे कोणतं प्रथिन, हे कळायला १९८६ साल उजाडलं, आणि उत्तर आलं कोंबड्यांच्या रक्तरोगातून. कोंबड्यांमध्ये एक विषाणू लाल पेशींच्या पूर्वजांचा कर्करोग घडवतो. त्या विषाणूने कधीकाळी कोंबडीची दोन जनुकं उचलून आपल्यात घेतली होती. त्यातल्या एकाचं मूळ जनुक, ‘अर्ब-ए’, पेशीत करतं काय याचा शोध जर्मनीतल्या हायडेलबर्गला ब्यॉर्न व्हेनस्ट्रॉम यांचा गट आणि कॅलिफोर्नियात रोनाल्ड एव्हान्स यांचा गट घेत होता. दोघांचे निबंध ‘नेचर’मध्ये बरोबरच आले. ते जनुक थायरॉईड संप्रेरकाच्या ग्राहीचं, म्हणजे रिसेप्टरचं, निघालं. विषाणूकडची प्रत बिघडलेली होती. तिला संप्रेरक ऐकू येत नव्हतं, आणि न ऐकताच ती जनुकं बंद करून बसायची. त्यामुळे लाल पेशी पक्व होईनात आणि कोवळ्या पेशींचे ढीग साचत. रक्त आणि थायरॉईड यांचं नातं आपण आज जोडत नाही आहोत. या ग्राहीची ओळखच रक्ताच्या आजारातून पटली.

माणसात ही ग्राही दोन प्रकारची असते. अल्फाचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर, बीटाचं तिसऱ्या. यकृत आणि पियुषिका मुख्यतः बीटाने ऐकतात. हृदय, हाड, आतडं अल्फाने. ग्राही केंद्रकात संप्रेरकाची वाट पाहत रिकामी फिरत नसते. ती आधीच डीएनएवर ठाण मांडून असते, आणि बसते ती ठराविक अक्षरांवर: ए-जी-जी-टी-सी-ए, मग मधे चार अक्षरं सोडून पुन्हा तीच सहा. गावाच्या वेशीवर राखणदार बसावा तशी. टी-थ्री नसतं तेव्हा हा राखणदार नुसता बसत नाही. तो सोबत्यांना बोलावून डीएनएची गुंडाळी घट्ट आवळून ठेवतो, जनुक वाचताच येऊ नये अशी. टी-थ्री येऊन त्याच्या पोटातल्या खोबणीत बसलं की त्याचा आकार बदलतो, आवळणारे सोबती सुटतात, सैल करणारे येतात, आणि जनुकाच्या प्रती निघू लागतात. म्हणून संप्रेरक कमी पडलं की पेशी फक्त सुस्त होते असं म्हणणं अपुरं आहे. ती दाबून धरलेली असते. थायरॉईड अजिबात नसलेल्या अवस्थेत शरीराची जी दैना होते, तिचा मोठा वाटा या रिकाम्या राखणदाराचा आहे, असं उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसतं. काही जनुकांचं वागणं नेमकं उलटं असतं. संप्रेरक आलं की ती बंद होतात. पियुषिकेतलं टीएसएचचं जनुक त्यातलंच. आपला सगळा रिपोर्ट त्या एका उलट्या जनुकावर उभा आहे.

सहा अक्षरांचा एखादा ठरावीक क्रम निव्वळ योगायोगाने दर ४,०९६ अक्षरांत एकदा यायला हवा. माणसाच्या जनुकसंचात ३०० कोटी अक्षरं आहेत, म्हणजे असा क्रम सात लाखांहून जास्त जागी सापडणार. राखणदार इतक्या ठिकाणी बसत नाही. कोणत्या पेशीत कोणती गुंडाळी मुळातच उघडी आहे, शेजारी कोण आहे, यावर त्याची जागा ठरते. बेडूकमाशाची शेपटी आणि पाय वेगळे वागतात ते यामुळेच.

आता रक्ताकडे यायचं, कारण या पुस्तकाचा मुक्काम तिथे आहे. पेशीने काय ऐकलं हे पाहायला पेशी हातात हवी, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा किंवा हृदयाचा तुकडा कुणी काढून देत नाही. रक्त देतो. पण रक्त ही एक वस्तू नव्हे. लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्या नवी प्रत काढू शकत नाहीत. नुकत्याच मज्जेतून बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशींत मात्र हिमोग्लोबिनच्या संदेशांचा, म्हणजे आरएनए प्रतींचा, इतका साठा उरलेला असतो, की अख्ख्या रक्ताचा आरएनए काढला तर निम्म्याहून जास्त तेच भरतं. पांढऱ्या पेशी पाच जातीच्या, प्रत्येकीचं जनुकांचं वाचन वेगळं. बिंबिकाही आपापले संदेश बाळगून असतात. म्हणून रक्तात एखाद्या जनुकाचे संदेश वाढलेले दिसले, तर पेशींनी ते जनुक जास्त वाचलं की त्या जातीच्या पेशीच संख्येने वाढल्या, हे आधी सोडवावं लागतं. थायरॉईड कमी पडलेल्या बऱ्याच लोकांना पंडुरोग असतो, म्हणजे पेशींचं प्रमाण तसंही बदललेलं असतं. या विषयावर घाईने काढलेले निष्कर्ष बहुधा इथेच घसरतात.

दुसरी अडचण आमच्या हाताखालची. आरएनए फार नाजूक. रक्त शिरेबाहेर आलं की पेशी बावरतात, काचेचा स्पर्श, थंडी, वेळ यांनीच जनुकं हलायला लागतात. साध्या बल्बमध्ये अर्धा तास ठेवलं की आपण मोजतो ते बल्बमधलं घाबरलेलं रक्त. म्हणून यासाठी वेगळी नळी लागते. तिच्यातला द्रव पेशींना त्या क्षणी फोडतो आणि आरएनए आहे तसा गोठवून धरतो. पहिल्यांदा अशी नळी हातात घेतली तेव्हा त्या निरुंद नळीत रक्त पडताच त्याचा रंग बदलून काळपट तपकिरी झालेला मी पाहिला. तीस वर्षं ज्या हाताने गाठी फेकल्या, त्याच हाताने ती नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी केली. तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

अशा नळ्यांतून काय निघालं याचं एक उदाहरण नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचं आहे. थायरॉईडच्या कर्करोगासाठी ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली आहे, त्यांतल्या अनेकांना पुढे किरणोत्सारी आयोडीन द्यायचं असतं, आणि त्याआधी बहुधा काही आठवडे गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी उपचार घेतलेल्यांना तो काळ नेमका माहीत आहे: अंग जड, आवाज घोगरा, एका वाक्यानंतर दुसरं सुचायला वेळ. संशोधकाच्या दृष्टीने ही एक विरळा संधी असते, कारण तोच माणूस आधी संप्रेरकाविना आणि मग संप्रेरकासह पाहता येतो. वय, जात, खाणं, बाकीची जनुकं, सगळं तेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात अशा आठ रुग्णांच्या रक्तातले सगळे संदेश दोन्ही अवस्थांत वाचले गेले. सुमारे पाचशे जनुकांचं काम बदललेलं दिसलं. त्यातली ढोबळमानाने तीन-चतुर्थांश संप्रेरकाबरोबर वाढणारी, एक-चतुर्थांश उलट जाणारी. आठच माणसं, हे खरं. पण प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होती, त्यामुळे आठही बोलकी ठरली.

जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या गटाने उलट टोक पाहिलं. सोळा निरोगी तरुणांनी स्वखुशीने आठ आठवडे रोज २५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेतलं. पूर्ण ग्रंथी नसलेल्या माणसालाही साधारण शंभर-सव्वाशे पुरतात, यावरून हा डोस किती मोठा होता ते कळेल. त्यांना त्रास जवळजवळ जाणवला नाही, पण त्यांच्या प्लाझ्मातल्या प्रथिनांचं चित्र पार बदललं. रक्त गोठवणारी आणि संरक्षणाच्या ‘काँप्लिमेंट’ साखळीतली प्रथिनं वाढली, चरबी वाहणारी अनेक प्रथिनं घटली. यातली बहुतेक प्रथिनं यकृतात बनतात, म्हणजे इथे आपल्याला ऐकू आला तो यकृतातल्या जनुकांचा आवाज. एकाच बल्बात वर यकृताची साक्ष आणि तळाशी रक्तपेशींची. ही दोन साक्षी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून पुस्तकात त्यांना वेगळी प्रकरणं दिली आहेत.

पण हे पुस्तक मी ज्या एका गोष्टीमुळे पूर्ण केलं ती २०१२ सालची. ब्रिटनमधली सहा वर्षांची एक मुलगी. वाढ खुंटलेली, हाडं उशिरा घडणारी, जुनाट बद्धकोष्ठ, हालचाली संथ. कुणीही पाहताक्षणी थायरॉईडकडे बोट दाखवावं अशी लक्षणं. आणि टीएसएच नॉर्मल. टी-फोर, टी-थ्रीही जवळपास मर्यादेतच. तिची जनुकं वाचली तेव्हा अल्फा ग्राहीत बिघाड सापडला. पियुषिका बीटाने ऐकते, तिला सगळं नीट ऐकू येत होतं, म्हणून ती ‘ठीक आहे’ असंच सांगत राहिली. अल्फाने ऐकणारं हाड आणि आतडं मात्र बहिरं होतं. अशा आणखी काही रुग्णांचा शोध लागला, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या एककेंद्री पांढऱ्या पेशींत थायरॉईडला प्रतिसाद देणारी जनुकं कमी वाचली जात असल्याचं दिसून आलं. या रुग्णांना सौम्य पंडुरोगही आढळतो. कोंबडीच्या त्या विषाणूची गोष्ट इथे आठवावी. सीरमने जे सांगितलं नाही ते तळाच्या पेशींनी सांगितलं. हे वाचलं त्या दिवशी मी लॅबमधल्या कचऱ्याच्या पिशवीसमोर बराच वेळ उभी होते.

असा बिघाड फार विरळा असतो, हे इथेच स्पष्ट लिहिते. आपला रिपोर्ट नॉर्मल आहे आणि थकवा जात नाही, म्हणून आपल्या ग्राही बिघडल्या असतील असा अर्थ वाचकाने कृपा करून काढू नये. त्या शिक्षिकाबाईंचं बी-१२ पुढे डॉक्टरांनी तपासलं, ते बरंच कमी निघालं. इंजेक्शनांनी फरक पडला. सगळा नाही, पण पडला. जनुकांच्या हालचालीवरून थायरॉईडचा डोस ठरवणारी तपासणी आज कुणी विकायला आणली तर ती घेऊ नका. रक्तपेशींचा प्रतिसाद हा हृदयाच्या प्रतिसादाचा पुरावा ठरत नाही, निरोगी माणसांत तो किती फिरतो याचे आकडे पुरेसे जमलेले नाहीत, आणि आठ-सोळा माणसांवरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही. गोळीचा डोस स्वतः बदलू नका, हे तर मी प्रत्येक प्रकरणाखाली लिहिलं असतं, पण संपादकांनी एकदाच लिहा म्हणून सांगितलं.

शब्दांबद्दल थोडं. ‘हार्मोन’ला मी बहुतेक ठिकाणी संप्रेरक म्हटलं आहे, शाळेत आपण तो शब्द शिकलोय आणि तो अर्थ नेमका सांगतो. ‘जीन’ला जनुक. पण थायरॉईडला अवटू म्हणत बसले नाही, कारण गावातली आजीसुद्धा थायरॉईडच म्हणते. आरएनए, टीएसएच हे जसे लॅबमध्ये आणि दवाखान्यात बोलले जातात तसेच ठेवले. आयोडीन आणि मिठाबद्दल, कोबी-फ्लॉवरच्या भीतीबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालंय, म्हणून त्याला इथे जागा दिलेली नाही. ज्यांना रसायनाचा कंटाळा आहे त्यांनी तिसरं प्रकरण सोडून चौथ्यापासून, बेडूकमाशापासून, सुरुवात केली तरी चालेल. पाचवं मात्र, राखणदाराचं, सोडू नये.

पहिला खर्डा मी त्या शिक्षिकाबाईंना वाचायला दिला. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. वह्या तपासायच्या सवयीने त्यांनी समासात पेन्सिलीने खुणा केल्या, समजलं नाही तिथे प्रश्नचिन्हं. जिथे जिथे प्रश्नचिन्ह होतं तो मजकूर मी पुन्हा लिहिला. एका ठिकाणी, रक्तपेशी आपल्यापुरतं सांगतात असं मी लिहिलं होतं त्याच्या शेजारी, त्यांनी लिहिलं होतं, “मग माझ्या हाताचं काय?” त्या एका ओळीसाठी सातवं प्रकरण नव्याने घातलं आहे. स्नायू रक्तासारखा सुईत ओढून येत नाही. भूल देऊन मांडीतून छोटासा तुकडा काढावा लागतो, एकदा गोळ्या बंद असताना आणि एकदा सुरू झाल्यावर. असे तुकडे देणारे रुग्णही आहेत, आणि त्यांच्या स्नायूंत काय दिसलं ते तिथे सविस्तर दिलं आहे.